तेंदूच्या दिवसांतलं ठिगळ

मे लागला की चंद्रपुरात सकाळ उरतच नाही. डोळे उघडावेत तर दुपार दारात उभी. कूलरच्या वाळ्यावर पाणी मारलं की घटकाभर बरा वास येतो, मग तोही सुकून जातो. अशाच एका सकाळी कामावर निघाले होते, आणि मूल गावच्या रस्त्यानं आलेला एक ट्रक चौकात माझ्या स्कूटीसमोर थांबला. वर ताडपत्री, खाली पोती, आणि पोत्यांतून येणारा वास. बिडीला लागणाऱ्या तेंदूच्या वाळलेल्या पानांचा. कडवट, जुन्या चहाच्या डब्यासारखा. सिग्नल हिरवा झाला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, तरी मी तिथेच.

त्याच दिवशी फोनवर एक मेलही आलं होतं. एका सॉफ्टवेअर लायब्ररीची नवी आवृत्ती निघाली, एवढंच. लायब्ररी म्हणजे इथे पुस्तकांची नव्हे. दुसऱ्या प्रोग्रामांनी वापरावं म्हणून कुणीतरी नीट लिहून ठेवलेलं, सगळ्यांसाठी खुलं असलेलं गणित. पृथ्वीच्या गोल पाठीवरचा एखादा बिंदू सपाट कागदावर नेमका कुठे पडेल, ते ही लायब्ररी सांगते. जगात कुठेही कुणी नकाशा उघडला की पडद्यामागे असलं काहीतरी चालू असतं. मेल वाचलं आणि बंद केलं. पूर्वी असं मेल आलं की मी हातातलं काम टाकून उठायचे. आता फक्त खांदे दुखतात.

हे सगळं सुरू झालं त्या वर्षी, नोकरी लागायच्या आधी, मी गडचिरोलीत धानोऱ्याच्या पलीकडच्या एका गावात नकाशाच्या कामाला मदत करायला गेले होते. गावाचं नाव लिहीत नाही, कारण त्यांना विचारलेलं नाही, आणि न विचारता त्या गावात काही करत नाहीत. गावाला आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळालेला होता. तेंदूची पानं आता ग्रामसभाच तोडायची, वाळवायची, विकायची. त्यासाठी जंगलाचे भाग पाडायचे, कुठल्या भागातली झुडपं यंदा छाटायची, कुठली सोडायची, हे ठरवायचं. म्हणजे नकाशा हवा. जुना सर्व्हेचा नकाशा होता, मोबाइलवर हद्द चालून घेतलेले बिंदू होते, आणि शहरातल्या कुणीतरी दिलेला एक जाड, जुना लॅपटॉप होता. जुना नकाशा आणि बिंदू एकमेकांवर बसवून नवा नकाशा करायचा आणि तो गावातल्याच माणसानं करायचा, असं ठरलं होतं. माणूस म्हणजे जमुना. बारावी झालेली, लग्न होऊन त्या गावात आलेली, बोलताना नेहमी दुसरं काहीतरी करत असलेली. दोरी वळत, नाहीतर तांदूळ निवडत.

लॅपटॉपची ही मशीन आली त्या दिवशी ग्रामसभेत चर्चा झाली, की हिला नाव काय द्यायचं. मशीन सुरू करताना ती विचारतेच, तुम्ही कोण. जमुनानं देवनागरीत गावाचं नाव टाइप केलं आणि पुढे ‘ग्रामसभा’. पडद्यावर ते उमटलं तेव्हा मागे उभ्या असलेल्या बायका हसल्या. ग्रामसभेच्या समितीच्या अध्यक्ष सगुणाबाई म्हणाल्या, “आता कोणी चोरून नेली तं नावानं हाक मारता येईन.”

नकाशा पहिल्यांदा उघडला ती दुपार मला अजून दिसते. समाजमंदिराच्या पत्र्याखाली भट्टी पेटलेली. लॅपटॉपचा पंखा म्हाताऱ्या कुत्र्यासारखा धापत होता. जमुनानं हद्दीची रेघ आणली, मग नाला आणला. आणि नाला हद्दीच्या बाहेर पडला. गावाला उन्हाळाभर पाणी पाजणारा, ज्याच्या काठचा तेंदू सगळ्यात मऊ, तो नाला सरळ शेजारच्या कंपार्टमेंटमध्ये, म्हणजे वनखात्याच्या भागात, जाऊन बसला होता.

“हा बाहेर कसा काऊन गेला जी?” सगुणाबाईंनी विचारलं.

“बाई, म्या काईच नाई केलं,” जमुना म्हणाली. “म्या फक्त बटन दाबलं.”

“तुहं नाव कोण घेऊन राह्यलं? नकाशातच गडबड करून देल्ली कोणीतरी. पाण्यावरच डोळा आहे न त्याहिचा.”

पत्र्याखाली एकदम आवाज वाढले. मला त्या आवाजांची ओळख होती. मी माजरीच्या कोळसा वसाहतीत वाढले. बाबा खाणीत होते आणि युनियनमध्ये होते, आणि आमच्या घरात पाहुण्यांपेक्षा पत्रकं जास्त यायची. शाई ओली असायची. आई, मी, भाऊ जमिनीवर बसून त्यांच्या घड्या घालायचो. मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. म्हणून माझी पहिली वाक्यं सगळी मागण्यांची आहेत, आणि जगात काही वाकडं दिसलं की आधी ‘कुणी केलं’ हे मनात येतं. त्या दुपारी माझ्या डोक्यात पत्रकाचं शीर्षकसुद्धा तयार झालं होतं. तहसीलवर जायचं, सोमवारी जायचं, असं लोक बोलायला लागले होते.

सोमवारच्या आधी मी लॅपटॉप घेऊन नागभीडला गेले. स्टेशनच्या रस्त्यावर सलीमभाईंचं दुरुस्तीचं दुकान आहे. मोबाइल, मिक्सर, टीव्हीचे रिमोट, सगळं दुरुस्त करतात. पंखा तरी साफ करून घेऊ, असा माझा विचार होता. त्यांनी पंखा साफ केला, मग तपासायला म्हणून मशीनवर आपलं एक वेगळं खातं उघडलं, इंग्रजीत, ‘abc’ नावाचं. मी सहज त्या खात्यातून नकाशा उघडला. नाला हद्दीच्या आत होता. अगदी जिथे असायला हवा तिथे.

मी पुन्हा गावाच्या खात्यात गेले. नाला बाहेर. पुन्हा abc. नाला आत.

सलीमभाई चहा ओतत पाहत होते. “मॅडम, इसको आपका गाव का नाव पढता नाई येऊन राह्यलं,” ते म्हणाले. “अंग्रेजी में डालो, काम खतम. मेरेकू खुद सब सलमान लिख के देते बिल पे. मी झगडतो का?”

“झगडायला पाहिजे, सलीमभाई.”

“तो मिक्सर कौन बनायेगा?”

खरं कारण समजायला मला पुढे बरेच दिवस लागले, पण ते असं होतं. जुन्या सर्व्हेतली जमीन आणि उपग्रहाची जमीन एकमेकींवर तंतोतंत बसत नाहीत, थोड्या सरकलेल्या असतात. किती सरकल्या हे सांगणारी एक फाइल लायब्ररीसोबत येते. विंडोजवर ती मशीनच्या मालकाच्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवली जाते. लायब्ररी प्रत्येक मशीनवर नीट बसावी म्हणून जी बांधणी केलेली असते, त्या बांधणीत फोल्डरचं नाव इंग्रजीच असणार असं धरून चाललं होतं. देवनागरी नाव आलं की फाइल सापडायची नाही, आणि न सापडल्याचं लायब्ररी सांगायचीही नाही. अंदाजानं गणित करून मोकळी व्हायची. त्या अंदाजात आमचा नाला गेला.

कुणी केलं, याचं उत्तर ‘कुणीच नाही’ असं निघालं. असलं उत्तर घेऊन तहसीलवर जाता येत नाही.

ग्रामसभेत मी हे सांगितलं. त्या गावात मतदान होत नाही. एकाचा जरी नकार असला तरी थांबतात, पुन्हा बसतात. बऱ्याच जणांचं म्हणणं सलीमभाईंसारखंच होतं. डब्याला काय नाव आहे त्यानं काय फरक पडतो, पानं तोडायची वेळ झाली, टाका abc. तेव्हा मागच्या भिंतीला टेकलेले लालसूभाऊ, जे एरवी सभेत तंबाखूच मळत बसायचे, म्हणाले, “मास्तरले पोट्ट्याचं नाव बोलता नाई आलं, तं पोट्ट्याचं नाव बदलवाचं का मास्तरले शिकवाचं?”

“मास्तर कुठी राहते?” कुणीतरी विचारलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मास्तर परदेशात राहत होता, कुठल्या देशात तेही मला माहीत नव्हतं. शेवटी ठरलं ते असं. यंदाचा नकाशा abc मधून काढायचा. मशीनचं नाव आहे तेच राहील. आणि जिथून हे सॉफ्टवेअर येतं तिथेच दुरुस्ती व्हावी, म्हणजे जमुनाला दर वेळी कुणाची वाट पाहावी लागणार नाही. हे काम ताईचं, म्हणजे माझं.

तेंदूचा हंगाम सुरू झाला होता. पहाटे गाव रिकामं व्हायचं. ऊन चढायच्या आत माणसं पानांचे भारे घेऊन परतायची, आणि दुपारभर घराघरांच्या ओसरीवर पानांची पुडकी बांधणं चालायचं. म्हातारी, लेकुरवाळी, सगळीच बसलेली. पानावर पान ठेवल्याचा एक मऊ, फटफट आवाज असतो, तो सगळ्या गावातून एकदम यायचा. संध्याकाळी फळीवर, म्हणजे जिथे पानं जमा होतात त्या मोकळ्या जागेवर, पुडकी ओळीनं उन्हात मांडलेली असायची. मी मात्र बोडीच्या पारीवर, म्हणजे गावच्या लहान तळ्याच्या बांधावर. गावात तेवढ्याच ठिकाणी नेटवर्क यायचं. बोडी आटलेली, मधे चिखलाचा काळा डोळा, त्याभोवती बगळे. मोहाच्या झाडाखाली लॅपटॉप मांडीवर घेऊन मी लायब्ररीचा दुसऱ्यानं लिहिलेला प्रोग्राम वाचत बसायचे. घाम मनगटावरून कीबोर्डवर जायचा. सगुणाबाई येता-जाता तांब्याभर जावा माझ्याजवळ ठेवून जायच्या, आंबवलेली पेज, आंबट, गार.

दुरुस्ती लहानशीच निघाली. लांब भांडणानंतर आपण चूक कुठे होती ते बघतो आणि ती बोटाएवढी असते, तशी. जमुना तिला ठिगळ म्हणायची. ठिगळ लावलं, गावाच्या नावाचं खातं उघडलं, नाला आत आला. जमुनानं पडद्यावर नाल्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, “ये बापा, आलास घरी.”

पण ते ठिगळ आमच्या प्रतीवर होतं. लायब्ररीची नवी आवृत्ती आली की ते पुसलं जाणार, आणि नकाशाचा प्रोग्राम दर काही महिन्यांनी नवी आवृत्ती मागायचाच. म्हणून ते मूळ प्रकल्पात, लायब्ररी जिथे लिहिली जाते तिथेच, जाणं भाग होतं. मी ते पाठवलं. सोबत टिपण लिहिलं. ते टिपण आज वाचवत नाही. त्यात भाषेच्या साम्राज्याबद्दल होतं, जंगलाच्या इतिहासाबद्दल होतं, ‘आम्ही निक्षून सांगतो’ असं इंग्रजीत होतं. दुरुस्तीच्या ओळींपेक्षा टिपणच कितीतरी लांब.

उत्तर सभ्य होतं. प्रकल्प सांभाळणाऱ्या माणसानं लिहिलं, की अडचण खरी दिसते, आभार. पण टिपण कृपया थोडक्यात द्यावं. एका वेळी एकच बदल पाठवावा. सोबत चाचणी जोडावी. आणि जाता जाता, फोल्डरला इंग्रजी नाव देणं शक्य आहे का?

मी पारीवरून उठले आणि बोडीत दगड मारला. बगळे उडाले. त्या एका प्रश्नावर मी जेवढं लिहिलं आणि खोडलं, तेवढं कॉलेजच्या निवडणुकीतही लिहिलं नव्हतं. मग त्याची बाकीची उत्तरं वाचली, इतर लोकांना दिलेली. कुणाला लिहिलं होतं, या आठवड्यात मुलगी आजारी होती, उशीर झाला. कुणाला लिहिलं होतं, हे काम मी नोकरीनंतर करतो, कृपया समजून घ्या. त्याला कुणी काही देत नव्हतं. जगभरातले लोक त्याच्या दारात मागण्या घेऊन उभे होते आणि तो एकेकाला चहा विचारल्यासारखं उत्तर देत होता. माझा राग कुठे ठेवायचा, हे मला कळेना. मालक नसलेल्या ठिकाणी पत्रक कुणाच्या हातात द्यायचं?

मी टिपण खोडून दोन ओळी ठेवल्या. नावाच्या प्रश्नाला उत्तर दिलं, की नाव गावानं ठरवलं आहे, ते बदलायचा अधिकार मला नाही. दुरुस्ती चालते की नाही ते तपासणारी चाचणी लिहिली. ही लायब्ररी विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हींवर चालते, म्हणून कुठलाही बदल पाठवला की त्यांची यंत्रं आपोआप तिन्हींवर तपासतात. बरोबर असेल तर हिरवी खूण, चुकलं तर लाल फुली. लिनक्स हिरवं आलं, विंडोज हिरवं आलं, मॅक लाल. मॅकचा लॅपटॉप माझ्या ओळखीत कुणाकडेच नव्हता. अंधारात सुईत दोरा ओवावा तसा एकेक बदल करून पाठवायचा, आणि निकालाची वाट पाहायची.

जमुना पुडकी बांधायला पारीवर येऊन बसायची, सावली चांगली म्हणून.

“ताई, लाल का हिरवं?”

“लाल.”

“काल बी लालच होतं न. तुमचं तं आमच्या फळीवानी आहे. थो फळीवाला बी असाच. हे पान फाटलं, ते पान लहान.” ती हसायची. “पण थो दिसते तरी. त्याले शिव्या देता येतात.”

दुसऱ्या एका दिवशी तिनं बोटं न थांबवता विचारलं, “हे झालं म्हणजे मंग तुमी नाई आले तरी चालन?”

“त्यासाठीच तर करतेय.”

“बरं हाये,” ती म्हणाली आणि पान उलटं करून पाहिलं.

हंगाम संपला. पोती भरली, ट्रक गेले, फळीवर फक्त पानांचा चुरा उरला आणि पहिल्या वादळानं तोही नेला. मॅक हिरवं झालं ते पुढे भाताच्या रोवण्याच्या दिवसांत, मी चंद्रपुरात असताना. मग लहान लहान शेरे येत राहिले. इथे दोन शब्दांत मोकळी जागा जास्त आहे. या फाइलचं नाव बदला. ही चाचणी वेगळी करा. मग शेरेही थांबले. आमची दुरुस्ती रांगेत पडून राहिली, तिच्यावरून नव्या आवृत्त्या गेल्या, आणि प्रत्येक आवृत्तीनंतर नाला हद्दीबाहेर जायचा. जमुनाचा फोन यायचा, “ताई, नाला गेला.” मी पेनड्राइव्ह घेऊन निघायचे. मूल, सावली, गडचिरोली, तिथून पुढची बस, तिथून कुणाची तरी मोटरसायकल. शेजारच्या गावांनीही मशिनी घेतल्या होत्या, त्यांनीही आपापल्या गावाची नावं दिली होती. सगळ्यांचे नाले, टेकड्या, देवाच्या जागा सरकायच्या आणि मी त्या परत जागेवर ठेवत हिंडायचे. मधे नोकरी लागली, दवाखान्याच्या नोंदींचं सॉफ्टवेअर सांभाळण्याची. उन्हाळ्याच्या रजा अशाच जायच्या. आई म्हणायची, बाबांचे निदान मोर्चे संपायचे तरी.

आणि मग एका साध्या मंगळवारी, कचेरीत डबा खात असताना, मेल आलं. दुरुस्ती स्वीकारली. खाली त्या माणसानं लिहिलं होतं, इतकी वाट पाहायला लावल्याबद्दल क्षमस्व. मी डबा तसाच ठेवला आणि जिन्यात जाऊन उभी राहिले. रडू येईल असं वाटलं होतं. फक्त झोप आली.

थोड्या दिवसांनी ती आवृत्ती बाहेर आली. मी ती घेऊन गावाला गेले. जुन्या लॅपटॉपवर बसवायला गेले तर मशीननं एक ओळ दाखवली. ही आवृत्ती या जुन्या विंडोजवर चालणार नाही. जुन्यांचा सांभाळ त्यांनी सोडून दिला होता. कधी तरी सोडणारच होते. माणसं कमी, कामं फार. मला ते कळत होतं, आणि तरी पत्र्याखाली बसून मी त्या ओळीकडे पाहत राहिले. मी मागितलेलं सगळं मिळालं होतं. जगातल्या कुठल्याही गावाला आपलं नाव आपल्या लिपीत लिहून आपला नाला जागेवर पाहता येणार होता, आम्ही सोडून. कुणा दूरच्या बाईनं प्रकल्पाच्या पानावर लिहिलं होतं, माझ्या भाषेतलं नाव आता चालतं, धन्यवाद. जमुनाला ते वाचून दाखवलं.

“त्याहिचं झालं न,” ती म्हणाली. “चांगलं झालं.”

त्या दिवशी जुनीच आवृत्ती जुन्या ठिगळासह ठेवून मी परत आले. ठिगळ कसं लावायचं, ते तिनं मला दोनदा करायला लावलं आणि तिसऱ्यांदा माझ्या हातातून माऊस घेतला.

यंदा ट्रकचा वास आला त्या दिवशी मी सवयीनं रजेचा अर्ज भरला. मग जमुनाला फोन लावला. पलीकडे बायकांचा आवाज होता, कुणीतरी कुणाला पाणी मागत होतं.

“जमुना, नवी आवृत्ती निघाली. तुझा नाला कुठे आहे?”

“इथीच आहे, कुठी जाईन?” ती हसली. “प्रोग्राम नवीन मागून राह्यला होता. म्या जुनाच परत बसवला, अन् ठिगळ लावून देल्लं. बाजूच्या गावाचं बी म्याच लावलं. त्याहिची मशीन तं आमच्याहून खटारा.”

“कधी?”

“होळीच्या आगंमागं. अन् ताई, म्या त्या लोकायले बी लिहिलं होतं. जुन्यातही घ्या म्हणून.”

मी खुर्चीत सरळ बसले. “काय लिहिलंस?”

“जास्त नाई. आमची मशीन जुनी आहे, हे एवढं लावलं तं चालते. बस.”

“मग?”

“नाई म्हणले. जुनं बंद केलं म्हणे. थो साहेब चांगला बोलला, सॉरी-बिरी म्हणला. मंग म्या म्हटलं राहू द्या, आमचं आमच्यापाशी. दुसऱ्या गावचे येतात, त्याहिले देऊन देतो.”

मला विचारायचं होतं, की मला का नाही सांगितलंस. त्या नकारावर काय लिहायचं ते मला ठाऊक होतं. कुणाला गाठायचं, कुठला मुद्दा आधी मांडायचा, पुढच्या वर्षभराची सगळी भांडणं माझ्या डोक्यात ओळीनं उभी राहिली होती. ती थकलेली नव्हती. हरलेलीही वाटत नव्हती. तिचा नाला जागेवर होता.

“मी पुढच्या आठवड्यात येतेय,” मी म्हटलं. “रजा टाकलीय. बाकीच्या गावांच्या मशिनी बघून घेऊ एकदा.”

“काऊन? चालू आहेत न सगळ्या.” मग तिचा आवाज मऊ झाला. “यावाचं असन तं पाव्हणी म्हणून या न ताई. चार दिस राहा. मशीन पाहाले नका येऊ इतक्या उन्हात. बरं, ठेवतो, पाला उलटवाचा आहे.”

फोन बंद झाला. कूलरचं पाणी संपलं होतं, कोरडी हवा येत होती. इतक्या उन्हाळ्यांत मी त्या गावाला पेनड्राइव्ह नेले, चार्जर नेले, एकदा पाठीवर बॅटरी नेली. पाहुणी म्हणून जाताना त्यांच्याकडे काय न्यायचं असतं ते मला माहीतच नव्हतं. ते विचारायला मी परत फोन लावला. रिंग वाजत राहिली. ती उन्हात, फळीवर गेली होती.